नाकातलं हळदीकुंकू

"धरू नका तिला," मी म्हटलं. कोणालाच ऐकू गेलं नाही.

भोरे सिस्टरांनी पोरीचे दोन्ही हात धरले होते, आईनं पाय, आणि डॉक्टर हेरवाडकर दुर्बिणीची बारीक नळी घेऊन तिच्या नाकपुडीवर वाकले होते. पदूनं असा टाहो फोडला की बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दाराशी आली. मग टाहो मध्येच तुटला आणि तिचे ओठ जांभळे दिसायला लागले. मी कॅमेऱ्यामागून उठले, सिस्टरांच्या कानाशी गेले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"मॅडम म्हणतायत, धरू नका!" भोरे सिस्टर गरजल्या. त्या विभागात त्या माझा लाउडस्पीकर होत्या.

सगळ्यांचे हात एकदम सुटले. पदू आईच्या पोटात शिरली. जांभळा रंग हळूहळू ओसरला.

मिरजेच्या एका इस्पितळात, कान-नाक-घशाच्या विभागात, मी तेव्हा दुर्बिणी सांभाळायचे. दुर्बीण, तिचा दिवा, पडद्यावर दिसणारं चित्र, त्याचं चित्रण, वापरानंतरची सफाई, हे सगळं माझ्याकडे. मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. त्याआधी एका कॉलेजात शिकवलं होतं, पण पहिल्याच सत्रात मागच्या बाकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली, की बाई ओठ हलवतात, आवाज येत नाही. तक्रार खोटी नव्हती. मला रिक्षासुद्धा हाक मारून थांबवता यायची नाही. आमच्या घरात म्हणायचे, पोर लाजाळू आहे. मीही तसंच समजत होते. दुर्बिणींना माझ्या आवाजाचं काही पडलेलं नव्हतं, म्हणून मी तिथं सुखात होते.

पदू म्हणजे पद्मजा मगदूम, जयसिंगपूरची. वय वर्षं सहा, डाउन सिंड्रोम. तिच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर आपोआप मिटायला हवी, ती उघडीच राहिली होती. ती बांधून टाकायचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. बाहेरगावचे हृदयाचे सर्जन आमच्याकडे कधीमधीच यायचे. मागच्या खेपेला पदूला टेबलावर घेतलं, भूल दिली, आणि श्वासासाठी घालायची नळी आत जाईना. या मुलांची जीभ मोठी असते, घसा सैल असतो, श्वासनळी वयाच्या मानानं लहान असू शकते. जीव वाचला, ऑपरेशन रद्द झालं. आता भूल देणाऱ्या डॉक्टर जमादार मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, आत काय आहे ते मला आधी दाखवा, तेही पोर जागी असताना. नाहीतर मी तिला झोपवणार नाही. आणि फुप्फुसांवरचा दाब इतका वाढत चालला होता, की पुढच्या खेपेपर्यंत ऑपरेशनचा उपयोगच उरला नसता. चार वाजेपर्यंत आमचा रिपोर्ट गेला नाही, तर पदूची जागा दुसऱ्या मुलाला मिळणार होती. जबरदस्ती केली की ओठ जांभळे. म्हणजे तिनं आपण होऊन नाक पुढे करायला हवं होतं.

डॉक्टर हेरवाडकर मागे सरले. पन्नाशी ओलांडलेला भलामोठा माणूस, पण मुलांशी बोलताना स्टुलावर बसून लहान व्हायचा.

"पदूताई, हे बघ काय आहे," ते म्हणाले. त्यांच्या हातात नाक बधिर करायच्या औषधाचा फवारा होता. आमच्याकडचा फवारा जुन्या पद्धतीचा, काचेचा फुगीर पोटाचा, वर लांब निमुळती चोच. "पाणीच आहे नुसतं. बघ, आईच्या हातावर." आईच्या पंजावर एक फुर्रकन फवारा. "आता तुझ्या हातावर."

इथं त्यांची चूक झाली. पदूनं रडं थांबवलं. ओल्या हाताचा वास घेतला, नाक मुरडलं, आईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा लख्ख उजळला. ती खाली उतरली, डॉक्टरांच्या हातातून फवारा काढून घेतला आणि थेट भोरे सिस्टरांसमोर उभी राहिली.

"हात!"

सिस्टरांनी हात पुढे केला. फुर्र.

"आता झालं बगा," आई, विजयमालाबाई, कपाळाला हात लावून म्हणाल्या. "डॉक्टरसाहेब, ही गुलाबदाणी समजली. संक्रांतीला आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडायचं काम हिचंच असतंय. दुसऱ्या कुणी हात लावला तर जीव घेईल."

"मग उत्तमच की. स्वतःलाही लावून घेईल."

"तसं न्हवं ओ. आधी सगळ्यांस्नी. शेवटी सोताला. एक जरी बाई सुटली तरी ही घ्यायची न्हाई. गेल्या साली शेजारच्या काकी बाळंतीण होत्या, तर आतल्या खोलीत जाऊन त्यांच्या हातावर शिंपडून आली, तवा कुठं वाण घेतलं."

डॉक्टरांनी पदूकडे पाहिलं. पदूनं डॉक्टरांकडे पाहिलं. मग तिनं दुर्बिणीकडे बोट दाखवलं, मग डॉक्टरांच्या नाकाकडे.

"आधी तू."

"मी?"

"सगळ्यांना," पदू म्हणाली. "मग मी."

आमच्या खोलीत एवढी स्वच्छ अट तोवर कोणी घातली नव्हती.

"डॉक्टर, तुम्हीच म्हणता ना, मुंगी चावल्यागत होतंय म्हणून?" भोरे सिस्टरांनी विचारलं. त्यांचा चेहरा अगदी साधा होता.

"हो, पण..."

"तुम्ही कधी घालून बघितलीय?"

हजारो नाकांत दुर्बीण घातलेल्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता.

मी पुढे होऊन हळू आवाजात सांगितलं, की प्रत्येकासाठी नवं आवरण हवं, त्याशिवाय मी दुर्बीण हातात देणार नाही. दुर्बिणीवर चढवायची ती पातळ, पारदर्शक पिशवीसारखी आवरणं आमच्याकडे होती. सिस्टरांनी ते मोठ्यानं जाहीर केलं. पदूला ती कल्पना फारच पसंत पडली.

"झबलं!" ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या विभागात त्याला झबलंच म्हणतात.

डॉक्टर खुर्चीत बसले. पदूनं त्यांच्या नाकपुडीत स्वतःच्या हातानं फवारा मारला, डॉक्टरांनी फक्त तिची बोटं धरून प्रमाण सांभाळलं. थोड्या वेळानं, पडद्याकडे डोळे लावून, त्यांनी स्वतःच स्वतःच्या नाकात दुर्बीण सरकवायला सुरुवात केली.

"आई गं," ते म्हणाले.

"मुंगी," सिस्टर म्हणाल्या.

"मुंगी नाही हो! विंचू! इतकी वर्षं मी लोकांना खोटं सांगत..." आणि त्यांना शिंक आली. पडद्यावर भूकंप झाला. पदू टाळ्या पिटत जागच्या जागी नाचली. चित्र पुन्हा स्थिर झालं, तेव्हा आम्ही खाली घशात पोचलो होतो. मधोमध स्वरतंतू दिसत होते, दोन पांढऱ्या पट्ट्या, वर एकत्र आणि खाली फाकलेल्या.

"दार!" पदू म्हणाली.

"दारच," डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ई म्हटलं की बंद होतं."

"म्हण."

"ईऽऽऽ."

दोन्ही पट्ट्या सरकत आल्या आणि मिटल्या. पदूनं श्वास रोखून ते पाहिलं. "पुन्हा." पुन्हा मिटल्या. "पुन्हा." डॉक्टरांनी इतक्या वेळा ई म्हटलं, की बाहेर बसलेल्या एका आजोबांनी दारातून डोकं घालून, इथं गाण्याचा क्लास कधीपासून सुरू झाला, असं विचारलं.

पुढच्या भोरे सिस्टर. त्या खुर्चीत अशा बसल्या जणू कोणी आहेर करणार आहे. त्यांची दारं दणदणीत निघाली. मग विजयमालाबाई, त्यांच्या डाव्या नाकपुडीत चमकी होती म्हणून उजवीतून. दुर्बीण आत जाताना त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि खुर्चीचा हात धरायला गेल्या, तो सापडला डॉक्टरांचा. डॉक्टर ओरडले.

"तुमास्नी काय झालं? नाक माझं हाय!"

तोवर सगळ्यांचे घसे बधिर झाले होते. पडजीभ जागेवर आहे की नाही कळत नव्हतं, शब्द जड होऊन घरंगळत होते. त्यात चहा आला. मी मान हलवली. घशाची जाणीव परत येईपर्यंत कोणी घोटभरसुद्धा घ्यायचा नाही. वाफाळणाऱ्या पेल्यांकडे तिघंही अनाथासारखे बघत राहिले. डॉक्टर काहीतरी बोलले ते सिस्टरांना कळलं नाही, सिस्टर काय म्हणाल्या ते विजयमालाबाईंना कळलं नाही, आणि एकेकाचं "काय? काय?" ऐकून पदू हसत हसत जमिनीवरच बसली. रोज तिला लोक "काय गं? पुन्हा बोल" म्हणायचे. त्या दुपारी खोलीत तिच्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी बोलत नव्हतं.

"चला, झालं," डॉक्टर म्हणाले. "पदूताई, बसा आता."

पदू उठली. खुर्चीशी गेली. वर चढली. मी पातळ, लहान मुलांची दुर्बीण बाहेर काढली. साडेतीन वाजून गेले होते.

तिनं चोहीकडे नजर फिरवली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"ही राह्यली."

"अगं, त्या कॅमेऱ्याच्या मॅडम आहेत," डॉक्टर म्हणाले.

मी हात जोडले. दुर्बिणीची मला भीती नव्हती. पण सगळ्यांसमोर मोठ्यानं ई म्हणायचं होतं, आणि माझा ई कसा येतो ते मला ठाऊक होतं; सायकलच्या चाकातली हवा निघावी तसा.

पदू खुर्चीवरून खाली उतरली आणि फवारा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"एक जरी सुटली ना..." विजयमालाबाई जड जिभेनं म्हणाल्या. पुढचं त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं.

मी बसले. नाकात थंड फुर्र झालं, कडू चव घशात उतरली. डॉक्टरांनी नवं झबलं चढवलं. पडद्याकडे मी रोज बघत असे, पण त्यात माझं स्वतःचं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. गुलाबी बोगदा, वळण, जिभेचा पाया, आणि खाली ते दार.

"म्हण," पदूनं फर्मावलं.

"ई," मी म्हटलं. हवा निघाली.

कोणी हसलं नाही, याचं मला बरं वाटलं. पदू पडद्याच्या इतकी जवळ गेली, की तिचं नाक काचेला लागलं.

"एकच दार," ती म्हणाली. मग बोट ठेवून दाखवलं. "हे झोपलंय."

"मॅडम, पुन्हा म्हणा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती.

मी पुन्हा म्हटलं. उजवी पट्टी शहाण्यासारखी मधोमध आली आणि थांबून राहिली. डावी होती तिथंच होती. दोघींच्या मध्ये फट, आणि त्या फटीतून माझा सगळा आवाज वाऱ्यावर जात होता.

"ऊठ!" पदू पडद्यावर ओरडली. "ए, ऊठ!"

डॉक्टरांनी दुर्बीण हळूच बाहेर काढली. "तुमचं लहानपणी कसलं ऑपरेशन झालंय?"

"झालंय," मी म्हटलं. "दोन महिन्यांची होते. हृदयाजवळची ती नळी. उघडी राहिलेली."

हे मी सहज सांगितलं. आमच्या घरात ते कोणी लपवलेलं नव्हतं. एक व्रण होता, त्याची एक गोष्ट होती, संपलं. वाक्य पुरं झाल्यावर मला ऐकू आलं की मी काय बोलले.

"डाव्या स्वरतंतूची नस त्या नळीला वळसा घालून वर जाते," डॉक्टर सावकाश म्हणाले. "तान्ह्या बाळात ती दोऱ्याएवढी असते. कधीकधी दुखावते. तुम्हाला कोणीच सांगितलं नाही?"

"लाजाळू आहे म्हणायचे."

विजयमालाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. खोलीतली सगळी मजा कोणीतरी झाडून नेल्यासारखी झाली. उद्या त्यांच्या पोरीचं तेच ऑपरेशन होतं, तीच नळी, आणि तिच्याशेजारून जाणारी तीच नस. पदू बोलायला लागून दोनच वर्षं झाली होती, तीही कितीतरी खटपटीनं. आता त्या पोरीला उचलून घरी जातील असं मला वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं असावं, ते घाईनं म्हणाले, "बघा ताई, पदू आता मोठी आहे, नस नीट दिसते, मी सर्जनना स्वतः सांगतो. पण शंभर टक्के..."

"तुमी थांबा जरा," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे आल्या. "बगू?"

"काय?"

"वण."

तपासणीच्या खाटेभोवतीच्या कापडी पडद्याआड जाऊन मी कुर्ता वर केला. डाव्या खाकेखालून पाठीकडे गेलेली पांढरी रेघ. विजयमालाबाईंची थंडगार बोटं तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मागोमाग एक छोटं, जाड बोट फिरलं आणि मला गुदगुल्या झाल्या.

"हे ऑपरेशन झालेलं माणूस मी पयल्यांदा बगतोय," विजयमालाबाई म्हणाल्या. "समदे म्हणत्यात, बरी हुईल, बरी हुईल. पण बरं झालेलं कोण दावलंच न्हाई. दम लागतोय?"

"नाही."

"जिना चढता?"

"दुसऱ्या मजल्यावर राहते. घागर घेऊन चढते, नळाला पाणी नसलं की."

"भाकरी किती खाता?"

"दोन. कधी तीन."

"तीन!" त्यांनी पडदा बाजूला सारून बाहेर जाहीर केलं. "डॉक्टरसाहेब, ही तीन भाकरी खातीया!" आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. नाक पुसताना चमकी सरळ करत त्या म्हणाल्या, "आवाज गेला तर गेला. मी तिच्याजवळ बसून ऐकीन. दम राहू दे. करा तुमी."

पदू कधीच खुर्चीवर जाऊन बसली होती. सगळ्यांना मिळालं होतं; तिच्या दृष्टीनं पुढचा प्रश्नच नव्हता. तिनं फवारा स्वतःच्या नाकात घातला, फुर्र केलं, शहारली आणि मान वर केली.

"आता मी."

कोणी तिला धरलं नाही. पातळ दुर्बीण आत गेली. तिचे डोळे पडद्यावर खिळले होते, श्वास घोरल्यासारखा वाजत होता, पण ती हलली नाही. नाकामागच्या गाठी मोठ्या होत्या. जीभ मागे कलंडलेली. डॉक्टरांनी दुर्बिणीचं टोक वळवलं, थांबले, पुन्हा वळवलं, आणि दार दिसलं.

"म्हण," या वेळी मी म्हटलं.

"ईऽऽऽऽऽ!"

दोन्ही पट्ट्या धाडकन मिटल्या. सुटल्या, पुन्हा मिटल्या. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा दारापलीकडचं क्षणभर दिसलं, गोल कडं, असायला हवं त्यापेक्षा अरुंद. मी चित्र तिथंच गोठवलं.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून नळी जात नव्हती. नेहमीपेक्षा लहान घ्यायची. बस, एवढंच."

त्यांनी लगेच जमादार मॅडमना फोन लावला. बधिर जिभेनं त्यांनी सगळं समजावलं. पलीकडून आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं आवाज आला, "हेरवाडकर, दुपारचे पावणेचार वाजलेत! काय घेतलंय तुम्ही?"

डॉक्टरांनी फोन सिस्टरांना दिला. सिस्टरांचं ऐकून जमादार मॅडम म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?" आणि मी येते म्हणून फोन ठेवला. त्या तावातावानं आल्या. पडद्यावरचं गोठवलेलं चित्र पाहिलं, अगदी जवळ जाऊन पाहिलं, आणि खुर्चीत बसून राहिलेल्या पदूच्या गालाला हात लावला.

"उद्या पहिला नंबर हिचा," त्या म्हणाल्या.

पदूनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग फवारा उचलला.

ऑपरेशन झालं. लहान नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. तिच्या घशातली श्वासाची नळी काढली तेव्हा मी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभी होते. आत जायची मला परवानगी नव्हती आणि हाक मारून विचारणं माझ्यानं होणार नव्हतं. तशी गरजही पडली नाही. बंद दारातून आरोळी आली, "सगळ्यांनाऽऽ!" आतल्या परिचारिकांना पदूकडून आपापल्या हातांवर सलाइनचं पाणी शिंपडून घ्यावं लागलं, असं नंतर भोरे सिस्टरांनी सांगितलं.

माझ्या झोपलेल्या दाराला डॉक्टर हेरवाडकरांनी पुढच्या काही आठवड्यांत मधोमध सरकवून दिलं. त्याच्या बाजूला एक पदार्थ टोचतात; ते हलत नाही, पण जागेवर येतं, आणि जागं असलेलं दार त्याला येऊन भेटतं. मग कितीतरी दिवस मी आवाजाचे व्यायाम करत होते, दार-खिडक्या लावून, एकटीच.

संक्रांतीला विजयमालाबाईंचं बोलावणं आलं. जयसिंगपूरच्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी उतरले. गल्ली बायकांनी भरलेली, रेशमी साड्या, गजरे, हातात वाणाच्या वाट्या. पार दुसऱ्या टोकाला पाठमोरी पदू दिसली. नवं परकर-पोलकं, हातात चांदीची गुलाबदाणी. ती एकेकीच्या हातावर नेम धरून शिंपडत होती आणि पुढे पुढे जात होती, आमच्या मध्ये अख्खी गल्ली होती.

मी श्वास घेतला.

"पदूऽऽ!"

हाक बायकांच्या डोक्यांवरून गेली. दोघी-तिघी दचकून बाजूला झाल्या. शेवटच्या घरापाशी पदू गर्रकन वळली, मला ओळखलं, आणि कपाळाला आठ्या घालून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"ओरडू नको!" ती ओरडली. "सगळ्यांना मिळणार!"

मी रांगेत जाऊन उभी राहिले.